हल्ली वाचलेली चार पुस्तकं आणि माझी मतं

आधीच सांगून टाकते, या चारांत सगळ्यात जास्त हसवलं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने. १९३४ ते १९३६ मध्ये आलेलं आत्मचरित्र, आणि लोकं त्याला उगाच ‘प्रेरणादायी’च्या खणात टाकून मोकळी होतात. अहो, भयंकर मिश्कील बाई आहे ही! सुरुवातच बघा ना, आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झालेली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं जे खूळ शिरतं ते काही केल्या निघत नाही, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, आणि त्याचा सगळा ताप बायकापोरांना. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर पानोपानी रडारड झाली असती. ही बाई काय झालं ते सांगते आणि पुढे चालू लागते, आपणच हसता हसता मधेच गप्प होतो.

नवरा म्हणजे कवी ना. वा. टिळक. कधी घर सोडून निघून जातील, कधी हातातले पैसे कोणाला देऊन टाकतील, काही नेम नाही. १८९५ ला ते ख्रिस्ती झाले तेव्हा बाईंवर आभाळ कोसळलं, पुढे काही वर्षांनी त्या परत त्यांच्याकडे राहायला आल्या पण सोवळं काही सोडलं नाही, आणि मग स्वतःशीच वाद घालत घालत जात ही माणसानेच करून ठेवलेली भानगड आहे इथपर्यंत येऊन पोचल्या. एवढा मोठा बदल, पण भाषणबाजी अजिबात नाही. मला तर टिळकांचा मधे मधे इतका राग येत होता की बस, पण बाईंचा राग येतो तसा जातोही. टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य नंतर त्यांनीच पूर्ण केलं, आता बोला.

त्याच्या पाठोपाठ दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) हे दलित आत्मकथन घेतलं आणि त्या सोवळ्याची दुसरी बाजू समोर आली. ज्यांची सावलीसुद्धा नको असायची त्यांच्या घरातून लिहिलेलं. दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली गोष्ट सांगतो अशी मांडणी आहे, माणूस एकच, पण एक शिकून नोकरीला लागलेला आणि एक अजून तिथेच अडकलेला. मुंबईतल्या कावाखाना या वस्तीची पानं मी दोनदा वाचली. छोट्याशा खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं, मधे लाकडी खोक्यांचा आडोसा, आणि तेवढ्यातच संसार, भांडणं, दारू, सगळं. लेखक स्वतःलाही सोडत नाही, पहिल्या बायकोवर घेतलेला संशय, तो संसार कसा मोडला, सगळं उघडं करून ठेवलंय. तक्रार एकच, माणसं भराभर येतात आणि जातात, हा नक्की कोणाचा कोण ते बघायला सारखी मागची पानं उलटावी लागतात. पण झोप उडवतं हे पुस्तक.

मग जरा हलकं काहीतरी हवं म्हणून जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ची कल्पना अफलातून आहे, आरशात दिसावं तसं सगळं उलट, त्यात क्रिकेटची मॅच, आणि बॅट्समनला बोलिंगच कळेना! ‘कृष्णविवर’ तर त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप अशा टोपणनावाने पाठवली होती, स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. म्हणजे उलट्यासुलट्याची हौस जुनीच दिसते. पण खरं सांगू का, माणसं पुठ्ठ्याची वाटतात. दोन मित्र भेटतात, एक शास्त्रज्ञ असतो आणि दुसरा असतो तो प्रश्न विचारायला, आणि बायका तर नावालाच. आठवी-नववीतल्या पोरांना मात्र डोळे झाकून द्या.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ ही कादंबरी सगळ्यांनी वाचलीय, त्यामुळे थोडक्यात. आणीबाणीतलं वर्ष, नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसणारी ती चौकडी. पोरांची बोली एक नंबर, पण शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते शेवटपर्यंत मुकुंदाच्याच डोळ्यांनी बघावं लागतं आणि मला तिचं जास्त ऐकायचं होतं. सिनेमा आधी बघितला असेल तरी वाचा, चालेल.

आणि हो, ‘स्मृतिचित्रे’ घेणार असाल तर संक्षिप्त नको, अख्खं घ्या, आणि दुकानात आधी उघडून टाइप बघून घ्या. मला मिळालेल्या प्रतीत अक्षर इतकं बारीक की आईने दोन पानं वाचून परत केली, आता रोज रात्री मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागतंय.