बॅकरॅटचा ‘पुढचा निकाल’ सांगणाऱ्याला पैसे देऊ नका

गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवर मी बॅकरॅट हा पत्त्यांचा जुगार पहिल्यांदा पाहिला आणि दहा मिनिटांत समजला. ‘प्लेयर’ आणि ‘बँकर’ या दोन बाजू, दोघांना दोन-दोन पत्ते. एक्क्याचा 1, दश्शी, गुलाम, राणी, राजा शून्य. बेरजेतला फक्त एकक धरायचा, म्हणजे सत्ती-अठ्ठी आली तर पंधरा नाही, पाच. नऊच्या जवळ असेल ती बाजू जिंकली. तिसरा पत्ता कधी घ्यायचा हेही नियमानेच ठरतं. आपण फक्त पैसे कुठे लावायचे ते सांगायचं. ही शेवटची गोष्ट मी तेव्हाच मनात पक्की धरली असती, तर माझे 1,88,000 रुपये वाचले असते.

घरी परतल्यावर मोबाइलवर नियम शोधत होतो. आठवड्याभरात कुणीतरी मला एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथले ‘सर’ प्रत्येकाला खासगी मेसेज करून लाइव्ह टेबलचा पुढचा निकाल कळवायचे. मला पाच वेळा कळवला, पाचही बरोबर.

सायबर ठाण्यातल्या हवालदारांनी ते नंतर वहीत मांडून दाखवलं. 32 जण घ्यायचे, निम्म्यांना प्लेयर कळवायचं, निम्म्यांना बँकर. ज्यांचं बरोबर आलं त्यांचेच पुन्हा दोन भाग. पाचव्या डावानंतर एकच उरतो, आणि त्याला सगळं बरोबर आलेलं असतं. तो एक मी होतो.

सरांच्या ॲपवर 2,000 भरले, 3,100 खात्यात खरोखर परत आले. मग मुलीच्या फीचे 80,000 टाकले. स्क्रीनवर 3,60,000 दिसू लागले. काढायला गेलो तर म्हणाले, 30 टक्के कर आधी भरा. मी 1,08,000 भरले. ऑनलाइन खेळाच्या जिंकलेल्या रकमेवरचा कर त्या रकमेतूनच कापतात, वेगळा भरायला लावत नाहीत, हे मला कुणाला तरी विचारता आलं असतं. शिवाय दर वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या खात्यावर मागत होते.

खऱ्या टेबलावरसुद्धा बँकरवर लावलेल्या शंभरामागे सरासरी एक रुपया आणि ‘टाय’वर, म्हणजे बरोबरी होईल यावर आठपटीने लावलेल्या शंभरामागे चौदा रुपये कॅसिनोकडे जातात. कुठल्याही फॉर्म्युल्याने ते बदलत नाही.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन मी तिसऱ्या दिवशी केला, तोवर रक्कम पुढे निघून गेली होती. लगेच कळवलं तर खात्यातच अडवता येते. तुमच्यापैकी कुणी आज असा ‘कर’ भरायच्या बेतात असेल, तर थांबा आणि आधी 1930 लावा.