रात्री दहाचं गेट : सोलापुरातल्या एका बेघर निवाऱ्याचं परीक्षण

पाचपैकी तीन तारे. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालच्यातलं निम्मं कुठल्याही शहरी निवाऱ्याला लागू पडेल. स्टेशनसमोर, एसटी स्टँडवर किंवा सिद्धेश्वर तळ्याच्या कडेला झोपणाऱ्या कुणाला तिथं पोचवायचा विचार असेल, तर आधी हे वाचून घ्या.

जागा ५० जणांची. असे निवारे केंद्र सरकारच्या शहरी बेघर निवारा योजनेतून चालतात. तिच्या नियमात माणशी ५० चौरस फूट धरलेत. सहा बाय तीनची खाट १८ चौरस फूट खाते, उरलेल्यात लॉकर, ये-जा, संडास, मोरी. हे इथं बऱ्यापैकी जमवलंय. बायकांची खोली वेगळी आहे, तिला आतून कडी आहे आणि संडासासाठी पुरुषांच्या खोलीतून जावं लागत नाही. नवरा-बायकोला मात्र एकत्र जागा नाही. हे गेटवर कळतं आणि बरीच जोडपी तिथूनच परत फुटपाथवर जातात.

खाटा लोखंडी, गाद्यांना रेक्झिनचं कव्हर. शहाणपणाची निवड. लाकडी खाट आणि कापसाची गादी म्हणजे ढेकणांना आमंत्रण. तरी सांध्यांत ढेकूण होतातच. एकदा फवारून भागत नाही, औषधानं अंडी मरत नाहीत. दहा-बारा दिवसांनी दुसरा हात मारावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो. चादरींबद्दल तक्रार करायला जीव धजत नाही, पण करतो: चादरींच्या गावात पांघरायला पातळ, विरलेलं कापड मिळतं. एक जाड सोलापुरी चादर यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. पण जाड चादर धुवायला पाणी लागतं, आणि खरी गोम तिथं आहे.

शहराला पाणी चार-पाच दिवसांआड. माणशी रोज ७० लिटर धरा, अंघोळ, संडास, कपडे सगळं मिळून. ५० जणांना साडेतीन हजार लिटर. पाच दिवसांना साडेसतरा हजार. टाक्या आहेत दहा हजारांच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी खडखडाट. मग अंघोळीला एकच बादली, चादरी धुणं पुढच्या आठवड्यावर, संडासाचा वास जिन्यापर्यंत. याला केअरटेकरचा आळस म्हणू नका, टाकी लहान आहे. अजून पाच हजारांच्या दोन टाक्या बसवल्या तर निम्म्या तक्रारी मिटतील.

सरकारी कागदांत बेघर म्हटलं की थंडी आठवते. सोलापूरचा प्रश्न एप्रिल-मेचा आहे. पारा ४३-४४ वर जातो, वरच्या मजल्याला पत्रा आहे आणि सकाळी नऊला सगळ्यांना बाहेर काढतात. निवारा चोवीस तास चालू हवा, असं योजनाच सांगते. म्हाताऱ्या माणसाला दुपारी बारा ते चार सावली लागते, रात्रीची खाट त्यानंतर. पत्र्याला पांढरा चुना मारला तरी आत फरक पडतो. खर्च अगदी थोडा.

आता गेट. रात्री दहाला कुलूप. हॉटेलात भांडी घासणारा साडेअकरा-बाराशिवाय मोकळा होत नाही. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या रात्रभर येतात, हमालाची पाठ पहाटे टेकते. लग्नसराईत वाढपी, मांडववाले, बँडवाले, सगळ्यांची तीच गत. म्हणजे जो कष्ट करून खातो त्याला नेमकी खाट मिळत नाही. "तिथं सगळे रिकामटेकडे पडलेले असतात" असं म्हणणारा दिसतं तेच सांगतो, पण ही चाळणी गेटच्या कुलपानं लावलीय. स्वतःच्या पायावर उभं राहा म्हणायचं आणि पायावर उभ्या माणसाला रात्री बाराला बाहेर ठेवायचं, असा हा प्रकार.

दहाच का? ५० जणांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख, असं योजनेचं गणित. महिन्याला ५० हजार. त्यात एक व्यवस्थापक, तीन पाळ्यांचे तीन केअरटेकर, वीज, साबण, फिनाइल, दुरुस्ती. माणशी रोज ३३ रुपयांच्या आसपास पडतात. एवढ्यात तिसरा केअरटेकर परवडत नाही. दिवसभर राबलेलाच रात्री झोपतो आणि झोपायच्या आधी कुलूप लावतो. यावर एक उपाय करता येण्यासारखा आहे. मुकादमाची किंवा हॉटेलमालकाची चिठ्ठी घेऊन रात्रपाळीवाल्यांना पास द्या आणि दिवसा झोपणाऱ्यांसाठी दहा खाटा कोपऱ्यात राखून ठेवा. कमावत्याकडून रोजचे दहा-वीस रुपये घ्यायलाही हरकत नाही. पैसे मोजलेला माणूस नळ गळाला तर बोलतो.

जेवणाची सोय नाही आणि चूल पेटवायला बंदी. शिवभोजन केंद्र चालू असेल तर १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो, पण तो फक्त दुपारी. रेशनकार्ड आता कुठल्याही गावचं चालतं, हे खरं. पण गहू-तांदूळ शिजवायचा कुठं? कार्ड असलेले लोक धान्य घेतच नाहीत किंवा विकून टाकतात.

कागदपत्रांचं काम मात्र इथं चांगलं होतं. एक तारा जास्तीचा त्याचाच. आधार नसलेल्या माणसाला मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. ते इथं दोन दिवसांत हातात पडतं. नमुना आधार केंद्राचाच वापरा, साध्या लेटरहेडवर लिहून नेलं तर परत पाठवतात. हमाल आणि बिडी वळणाऱ्यांची बोटं झिजलेली असतात, ठसा उठत नाही. "डोळ्याचं घ्या" असं स्वतःहून सांगा. आधारनंतर बँक खातं, मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, महिना १५०० रुपये. इथं गाडी अडते ती १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर. कलबुर्गी, विजयपूरकडून येऊन इथंच म्हातारा झालेल्या माणसाकडे सोलापूरचा एकही कागद नसतो. जुनी बिडी कामगाराची नोंद, दवाखान्याचा केसपेपर, मुलाच्या शाळेचा दाखला, यातलं काही निघतं का बघा.

कागदपत्रं झाली की पुढची पायरी घराची. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरं कामगारांना मिळाली. त्यात घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, बाकी लाभार्थ्याचे. सरकारचा हात आणि स्वतःचा हप्ता दोन्ही एकत्र बसतात ते तिथं. पण हप्ता भरायला कमाई लागते आणि कमाई टिकायला रात्रीची झोप.

कुणाला आणायचं असेल तर गाडीत बसवण्याआधी "हे भिक्षेकरी गृह नाही" असं स्पष्ट सांगा. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेल्याला एक ते तीन वर्षं डांबता येतं. फुटपाथवरच्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक असतं आणि गाडी दिसली की ते पळतात. दारू प्यालेल्याला त्या रात्री घेत नाहीत, सकाळी आणा. हातगाडी आत येत नाही. लॉकरला कोयंडा आहे, कुलूप नाही. निघताना एक छोटं कुलूप आणि दोन किल्ल्या घ्या, त्यातली एक केअरटेकरकडे न देता त्या माणसाच्या गळ्यात दोरीला बांधा.