काशाच्या भावात पितळ: जुने वाडगे घेताना

काशाचे जुने वाडगे घेणाऱ्यांनो, त्यावर कोरलेले नाव वाचून हुरळून जाऊ नका. हल्ली तसे नाव कोरून मिळते. माझ्याकडे आलेल्या सहाही वाडग्यांवर असे होते: ‘चि. सौ. कां. मथुरा हिस लग्नात मामांकडून भेट. शके १८४२, सन १९३२.’

विकणारा स्वतःला साताऱ्याकडचा म्हणवत होता. व्हॉट्सॲपवर फोटो आले आणि त्यासोबत कहाणी. वाडा पाडून इमारत होते आहे, भाऊबंदांना भांड्यांचे काही पडलेले नाही. “मोडीत घालतायत हो ताई. तुमच्यासारख्या जाणकाराकडे गेली तर सार्थकी लागतील.” मी जुनी वाढायची भांडी जमवते आणि रोज वापरते, खिरीला काशाचा वाडगा, आमटीला कल्हईचा पितळी गंज, तुपाला तपेली. कपाटात मांडून ठेवायला मला भांडी नको असतात. हे त्याने माझ्याकडूनच काढून घेतले आणि मग प्रत्येक वाक्यात ‘वापरायला’ हा शब्द पेरला.

धातूची खात्री म्हणून मी नादाचा व्हिडिओ मागितला. काशाचा वाडगा तळहातावर मोकळा धरून लाटण्याने हलकेच टोला दिला तर नाद बराच वेळ घुमत राहतो; पितळ लवकर गप्प होते. त्याने लगेच व्हिडिओ पाठवला. नाद खणखणीत आणि लांब. सौदा सतरा हजारांत ठरला. “मुंबईची पार्टी थांबलीये,” म्हणून अर्धे पैसे आधी, उरलेले खोके कुरिअरला दिल्याची पावती दाखवल्यावर.

खोके उघडले तेव्हा पहिल्यांदा खटकला तो पोचा. एका वाडग्याच्या पोटाला अंगठ्याएवढा पोचा होता, आत गोल दबलेला. काशात कथील भरपूर असते, साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील. त्यामुळे ते टणक असते आणि ठिसूळही. पडले तर सहसा तडकते, फुटते. पत्र्यासारखे दबत नाही. आमच्या आजीच्या घरी काशाचे ताट फुटले होते, तेव्हा काचेसारखे तुकडे झाले होते. मी सहाही वाडगे वाजवून पाहिले. सगळे ठक्क. व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातल्या वाडग्याच्या काठाखाली दोन रेघा होत्या, माझ्याकडच्यांना तीन. वाजवला एक आणि पाठवले दुसरेच.

पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत एक ओळखीचे तांबट आहेत, त्यांच्यापुढे वाडगा ठेवला. त्यांनी वाजवलासुद्धा नाही. पोच्यावर बोट ठेवून म्हणाले, “काशाला असला पोचा येतो होय?” मग वाडगा उलटा करून बुडाचा काळा रंग दाखवला. खरी जुनी काळपटी खाचांमध्ये साठते आणि जिथे हात लागतो, जिथे चिंच-राख घासली जाते, तो भाग उजळ राहतो. इथे उलटे होते: सपाट पोट एकसारखे काळे आणि अक्षरांच्या खोबणीत लख्ख पिवळा धातू. म्हणजे आधी काळे केले, नाव नंतर घातले.

अक्षरे मी घरी भिंग लावून नीट पाहिली. पूर्वी नाव घालणारा छोट्या छिन्नीवर हातोडीने टोले देत अक्षर काढायचा. प्रत्येक टोल्याची खोली वेगळी, वळणावर ठिपके दाटलेले, पातळ भांड्यात आतल्या बाजूला हलके उठाव. इथे मशीनच्या सुईची एकसारखी उथळ ओळ होती. आणि मजकूर? शके १८४२ मध्ये ७८ मिळवा, १९२० येते. १९३२ कुठून आले? मामांनी लग्न १९२० मध्ये लावले आणि भेट बारा वर्षांनी दिली असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय ‘लग्नात’ हे हल्लीचे लेखन. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी ते ‘लग्नांत’ असे, अनुस्वार देऊन लिहायची रीत होती. अर्थात नाव घालणाऱ्या कारागिराला शुद्धलेखन येत असेलच असे नाही, म्हणून एवढ्यावर कुणाला चोर ठरवू नये. पण पोचा, नाद, खोबणी आणि शके-सन असे सगळे एकाच दिशेला बोट दाखवू लागले की शंकेला जागा राहत नाही. शेवटी धातू तपासून घेतला: तांबे, जस्त, वर थोडे शिसे, कथील नावापुरते. पितळच.

हा धंदा का चालतो तेही उघड आहे. कथील महाग, जस्त स्वस्त. त्यात काशाच्या वाटीने तळपाय घासायची लाट आल्यापासून ‘कासे’ म्हटले की गिऱ्हाईक भाव विचारत नाही.

यात नुकसान फक्त पैशांचे नाही. काशाला कल्हई लागत नाही, या भरवशावर कुणी त्यात ताक, कढी, चिंचेची आमटी वाढली असती. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकते, तांबे-जस्त अन्नात उतरते, आणि धातूत शिसे असेल तर तेही. मी ते वाडगे जेवणाला वापरत नाही.

खरी चलाखी पावतीत होती. खोक्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेली: ‘जुनी पितळी भांडी, नग ६. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ तोंडी कासे, व्हिडिओत कासे, कागदावर पितळ. मी फोन केला तर म्हणाला, “बिलावर लिहिलंय ना ताई, फसवलं कुठं?” मी शंभर वर्षांच्या भांड्याचा परवाना विचारला. तो ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ म्हणूनच विकत होता, आणि १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे झालेल्या कलाकुसरीच्या वस्तूंचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. त्यावर वाडगे एकदम ‘पन्नास-साठ वर्षांचे’ झाले. त्यानंतर नंबर ब्लॉक.

चॅट, व्हिडिओ, पैसे पाठवल्याची नोंद आणि धातूचा अहवाल जोडून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार केली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली. बिलावरच्या ‘परत घेतला जाणार नाही’ला घाबरू नका, सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे अजून आलेले नाहीत. खोके आहे तसे ठेवले आहे, पुरावा म्हणून.

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा फोनवर, कुठेही घ्या, वाडगा स्वतः हातात घेऊन वाजवा. फोनवरच घ्यायचा असेल तर एकाच सलग व्हिडिओत प्रत्येक नग वाजवून, काठ आणि बूड दाखवून, तोच नग खोक्यात ठेवताना दाखवायला सांगा. आणि पैसे देण्याआधी पावतीचा फोटो मागा. तिच्यावर ‘कासे’ लिहायला विक्रेता का-कू करायला लागला, की बोलणे तिथेच थांबवा.