जोहान्सबर्गचे अपार्थाइड म्युझियम : तिकिटावर छापलेला वंश

दक्षिण आफ्रिकेतील अपार्थाइडची, म्हणजे सरकारी वर्णभेदाची, कहाणी सांगणाऱ्या आणि 2001 साली सुरू झालेल्या या संग्रहालयाची भेट तिकिटापासूनच अंगावर येते, कारण 'गोरे' आणि 'गोरेतर' यांपैकी कोणत्या दाराने आत शिरायचे हे तेच परस्पर ठरवून टाकते. माझ्या वाट्याला 'गोरे' आले, पत्नीच्या वाट्याला 'गोरेतर'. मध्ये जाळी आणि जाळीमागे मोठी केलेली जुनी ओळखपत्रे. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने माणसांची वर्गवारी केली आणि केसांत खोचलेली पेन्सिल अडकते की पडते, एवढ्यावरूनही कुणाचा वंश ठरवला जाई. पूर्वग्रह सर्वांनाच सारखा बोचतो असे म्हणणाऱ्याने येथे सावकाश फिरावे: भारतीयांनाही घरे सोडावी लागली, पण पासबुक (कुठे राहता-फिरता येईल ते ठरवणारे परवाना-पुस्तक) सतत जवळ बाळगण्याची सक्ती कृष्णवर्णीयांवरच होती. कृष्णवर्णीयांना हिणवणाऱ्या 'काफिर' या शिवीचे तिथले वजन त्यातूनच आले आहे (आपल्याकडचा अर्थ तिथे सांगत बसू नये); ती पोलिसाला वारंवार दिल्याबद्दल 2018 मध्ये एका गोऱ्या महिलेला न्यायालयाने तुरुंगवास ठोठावला. वाचायला मजकूर भरपूर आहे, तेव्हा किमान तीन तास हाताशी ठेवावेत आणि लहान मुलांना शक्यतो आणू नये.