हायब्रिड गाडीचा साऊंड: नुसते स्पीकर बदलायचे की डीएसपी ॲम्प टाकायचा?

हायब्रिड घेतल्यावर सुरवातीला सगळं लक्ष ॲव्हरेजच्या आकड्यावर असतं, मग हळूहळू कंपनीचा साऊंड खुपायला लागतो. आमच्या सांगली-मिरजेत गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हायब्रिड घेतल्या आणि प्रत्येकाचा हाच प्रश्न आहे, साऊंडला काय करायचं. मी स्वतः यातनं गेलोय आणि माझा निर्णय झालाय, तरी दोन्ही बाजू मांडतो, कारण तुमचा वापर माझ्यासारखाच असेल असं नाही.

हे सगळं ग्रँड व्हिटारा, हायरायडर, सिटी हायब्रिड, हायक्रॉस असल्या स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे, म्हणजे ज्या काही वेळ नुसत्या मोटरवर पळतात. माइल्ड हायब्रिड असेल तर तिचा हिशोब बराचसा साध्या पेट्रोल गाडीसारखाच, तिथं मी खाली जे रडगाणं गाणार आहे ते तुम्हाला फारसं लागू होणार नाही.

अँड्रॉइड स्टिरिओचा विषय आधी संपवून टाकतो. मोठी स्क्रीन बघून मोह होतो, पण आताच्या हायब्रिडमध्ये कंपनीचा स्टिरिओ हा नुसता स्टिरिओ राहिलेला नाही. ३६० कॅमेरा, एनर्जी फ्लोची स्क्रीन, गाडीच्या सेटिंग्ज, स्टिअरिंगवरची बटणं, सगळं त्याला बांधलेलं असतं. बाहेरचा बसवला की त्यातलं काही ना काही लंगडं पडतं, आणि एवढं करून स्पीकर तेच राहिले तर आवाजात म्हणावा तसा फरक पडत नाही. वायरिंगला हात लागला की वॉरंटीवरनं वाद व्हायची शक्यता ती वेगळीच. माझ्या मते हा रस्ता सोडून द्या.

उरले दोन. एक, पुढचे स्पीकर बदलायचे, दारांना डॅम्पिंग करायचं (पत्रा थरथरू नये म्हणून आतनं शीट चिकटवायची) आणि बाकी सगळं कंपनीचंच ठेवायचं. दुसरा, स्टिरिओ कंपनीचाच, पण त्याच्या आणि स्पीकरच्या मध्ये डीएसपीवाला ॲम्प टाकायचा, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या आवाजाची वेळ आणि समतोल डिजिटल पद्धतीनं जुळवता येणारा ॲम्प.

डीएसपीपासून सुरू करतो कारण सगळ्यांचा ओढा तिकडंच असतो, आणि ते काही चुकीचं नाही. आमच्या दाजींनी त्यांच्या गाडीत हाच सेटअप केलाय आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खरंच गप्प झालो. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, त्यामुळं उजवा स्पीकर कानाजवळ आणि डावा लांब. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे डावा ट्वीटर (बारीक, उंच आवाज काढणारा छोटा स्पीकर) उजव्यापेक्षा अर्धा मीटर लांब असेल तर त्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा येतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही पण कान बरोबर पकडतो आणि गाणारा माणूस उजव्या दारात बसलाय असं वाटत राहतं. डीएसपीत उजव्या बाजूला तेवढाच उशीर लावला की गाणारा उचलून डॅशबोर्डच्या मधोमध आणून बसवल्यासारखा होतो. शिवाय बऱ्याच कंपनीच्या स्टिरिओत व्हॉल्यूम वाढवला की बास आपोआप कापला जातो, स्पीकर फाटू नयेत म्हणून. चांगला डीएसपी तेही बऱ्यापैकी भरून काढतो. डग्ग्याची घुमक, बासरीतली फुंक, सगळं वेगवेगळं ऐकू येतं. हे नुसत्या स्पीकरनं होत नाही, तेवढं मान्य करूनच पुढं बोलतोय.

आता ज्या गोष्टीनं माझं ठरलं ती सांगतो. दाजींच्याच गाडीत आम्ही मिरजेहून येत होतो, रात्रीची वेळ, विश्रामबागला सिग्नल लागला. गाडी थांबली, इंजिन बंद, एसीचा फॅन एकवर, आणि एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे ट्वीटरमधनं बारीक "स्स्स" असा आवाज, लांब कुठंतरी नळ उघडा राहिल्यासारखा. मी म्हटलं, "दाजी, हे काय ओ?" ते म्हणाले, "काय? मला तर काय ऐकू येईना." मी म्हटलं व्हॉल्यूम शून्य करा. शून्य केला तरी तो तसाच. सिग्नल सुटला, गाडी मोटरवरच हलली, तर त्यात एक बारीक शिट्टी मिसळली, ॲक्सिलरेटर दाबेल तशी चढत जाणारी. त्या दिवसापासनं दाजींनाही ते ऐकू यायला लागलं आणि आता जात नाही, याबद्दल बहीण अजून मला बोलते.

यात दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि दुकानदार बऱ्याचदा दोन्हीला मिळून "नॉइज" म्हणून मोकळे होतात. चढती शिट्टी ही बहुतेक वायरिंगची किंवा अर्थिंगची. हायब्रिडमध्ये नेहमीचा अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीचा करंट डीसी-डीसी कन्व्हर्टरमधनं उतरवून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होते, आणि मोटरला पुरवठा करणारा इन्व्हर्टर तर सतत चालू-बंद स्विचिंग करतच असतो. ॲम्पची अर्थिंग नीट नसली किंवा सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीला चिकटून ओढली की हे सगळं स्पीकरात उतरतं. दाजींचं अर्थिंग दुसऱ्या जागी, रंग खरवडून थेट पत्र्यावर घेतल्यावर शिट्टी गेली.

"स्स्स" मात्र गेलं नाही. ते ॲम्पचं स्वतःचं असतं. प्रत्येक ॲम्पला थोडी ना थोडी खरखर असतेच, गेन, म्हणजे ॲम्प येणारा सिग्नल किती वाढवतो ते, जास्त ठेवला की ती वाढते, आणि ट्वीटर जितका संवेदनशील तितकी जास्त ऐकू येते. गेन कमी केल्यावर कमी झाली, संपली नाही. पेट्रोल गाडीत हाच ॲम्प असता तर जन्मात कळलं नसतं, कारण इंजिन चालू असतं. हायब्रिडमध्ये ज्या शांततेसाठी आपण एवढे पैसे मोजलेत त्याच शांततेत हा आवाज बसलेला असतो.

कोणी म्हणेल एवढं काय त्यात. मी मिरजेच्या बाजूला वाढलोय, आमच्याकडं तंबोऱ्याचा आवाज कानात बसलेला असतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पण सतारमेकर गल्लीतनं जाताना जवारी लावताना (तार झणकारत बोलावी म्हणून घोडी जुळवताना) ऐकायचं भाग्य आम्हाला त्याच्या कितीतरी आधीपासनं आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो बारीक धागा असतो तो किंचित सरकवला की एकदम तार बोलायला लागते, आणि त्यात वरचे जे सूक्ष्म स्वर निघतात ते इतके हलके असतात आणि इतका वेळ टिकतात की ॲम्पची खरखर बरोबर त्यांच्यावरच येऊन बसते. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी जो संगीत उत्सव होतो तिथं रात्री बसून ऐकलेल्या माणसाला गाडीत आलापाच्या वेळी तंबोरा धुरकट झालेला चालत नाही. मला तरी चालला नाही. तुम्ही जर ढोल-ताशा, डीजे, रिमिक्स ऐकणारे असाल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या आणि खुशाल ॲम्प टाका, मनापासून सांगतोय.

म्हणून मी पहिला रस्ता धरला. पुढच्या दोन दारांत साडेसहा इंचाचे कॉम्पोनंट (म्हणजे मोठा स्पीकर आणि ट्वीटर वेगवेगळे असलेला सेट), ट्वीटर पिलरमध्ये कंपनीच्याच जागी, कपलर टू कपलर, एकही वायर कापलेली नाही. यात स्पीकर निवडताना डब्यावरचे वॉट बघू नका. कंपनीच्या स्टिरिओवर काहीही लिहिलेलं असलं तरी खरी पॉवर एका चॅनलला पंधरा-वीस वॉटच्या आसपासच असते, त्यामुळं बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. ८७ डीबीऐवजी ९० डीबीचा घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर लागते. भारी म्हणून जड, ॲम्पशिवाय न उघडणारा स्पीकर घेतला तर कंपनीच्या स्टिरिओवर तो मरगळलेलाच वाजणार. ट्वीटर संवेदनशील असला तरी इथं अडचण येत नाही, कारण मधे गेन वाढवून बसलेला दुसरा ॲम्प नाही. निदान माझ्या गाडीत सिग्नलला व्हॉल्यूम शून्य केला की खरंच काही ऐकू येत नाही.

पण नुसते स्पीकर बदलून थांबलात तर निम्मेच पैसे वसूल. खरा फरक डॅम्पिंगनं पडतो. दाराचा बाहेरचा पत्रा बोटानं वाजवून बघा, डब्यासारखा टणटण वाजतो. त्याला आतनं ब्युटिलची शीट लावून रोलर नीट फिरवला की तोच पत्रा ठक्क असा बंद आवाज देतो. आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद केली की स्पीकरच्या मागचा आवाज पुढच्या आवाजाला खात नाही आणि बास आपोआप भरतो. मला हा बदल स्पीकरच्या बदलापेक्षा मोठा वाटला, मोजलं नाही पण ज्यांना बसवून ऐकवलं ते सगळे विचारतात सब (नुसत्या बाससाठीचा सबवूफर) कुठं बसवलाय. बाहेरचा आवाज पण कमी येतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते आणि प्रत्येकावर मोठमोठे बॉक्स वाजत असतात, तेव्हा काच लावल्यावर हा फरक चांगलाच कळतो.

काम करून घेताना मात्र उभं राहून दोन गोष्टी बघा. दाराच्या तळाला पाणी जायची जी बारीक भोकं असतात त्यावर शीट चिकटवू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात दारात पाणी साठून गंज धरेल. आणि कंपनीचा जो प्लास्टिकचा पडदा आत असतो तो फाडून फेकायचा नाही, परत नीट चिकटवायचा. झालं की बास जोरात लावून दारातले खण रिकामे करून ऐका, मला आधी पॅनेल वाजतंय असं वाटत होतं आणि वाजत होती खणातली भडंगाची पुडी आणि किल्ल्या.

सबवूफरचं थोडक्यात. बऱ्याच हायब्रिडची बॅटरी मागं असल्यानं डिकी आधीच लहान, त्यात बॉक्स ठेवला की बॅग कुठं ठेवायच्या हा प्रश्न. सीटखालचा पातळ सब जमतो, पण बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली बॅटरी थंड करायला हवा घेणारी जाळी असते, ती कुठल्याही परिस्थितीत झाकायची नाही. नारिंगी रंगाच्या वायरी दिसल्या की तिथनं हात मागं, त्या हाय व्होल्टेजच्या आहेत, आणि तुमचा मिस्त्री त्यांच्या शेजारनं वायर ओढायला लागला तर त्यालाही थांबवा.

ॲम्प किंवा सब टाकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. या गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी बारकी असते, कारण इंजिन फिरवायचं काम तिच्याकडं नसतं. पण ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असून सुद्धा गाडी रेडीला येत नाही, म्हणजे चालायला तयारच होत नाही. ॲम्प गाडी बंद केल्यावर खरंच बंद होतोय का ते तपासा, पॉवरची वायर थेट बॅटरीवरनं घेतली असेल तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असला पाहिजे, आणि उभ्या गाडीत बराच वेळ गाणी ऐकायची असतील तर नुसत्या ॲक्सेसरी मोडमध्ये न ऐकता गाडी रेडीत ठेवून ऐका.

पैशाचं म्हणाल तर पुढचे बरे कॉम्पोनंट आणि डॅम्पिंग मिळून जेवढं होतं, साधारण तेवढ्यात किंवा त्याहून जास्तीत एकटा डीएसपी ॲम्प येतो, आणि त्याच्यासोबत स्पीकर आणि ट्यूनिंग वेगळं. म्हणून दोन्हीतलं काही ठरत नसेल तर आधी स्पीकर-डॅम्पिंग करा, ते कुठं वाया जात नाही, पुढं डीएसपी टाकावासा वाटला तरी हाच पाया लागतो. मागच्या दारांचे स्पीकर कंपनीचेच राहू द्या, फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचं सेटिंग) थोडा पुढं घ्या, झालं.

कोणाला काय, हे शेवटी गाडी कुठं चालते त्यावर आहे. दाजींचं निम्मं रनिंग पुण्याचं, पेठ नाक्याला हायवेला लागलं की कराड, सातारा, खंबाटकी करत नव्वद-शंभरनं गाडी जाते, टायरच्या आवाजात ते "स्स्स" कुठल्या कुठं जातं आणि डीएसपीनं मधोमध आणलेला गायक तेवढा उरतो. त्यांच्यासाठी त्यांचा सेटअप बरोबर आहे आणि मी तो बदला म्हणणार नाही. माझं सगळं सांगली, मिरज, कुपवाड, गर्दीत हळूहळू, निम्मा वेळ मोटरवर. असं ज्याचं असेल त्यानं माझं ऐकावं असं मला वाटतं. आणि तरीही डीएसपीच घ्यायचा असेल तर पैसे द्यायच्या आधी दुकानाचं शटर खाली करून गाडी रेडीत, इंजिन बंद, एसी बंद, व्हॉल्यूम शून्य करा आणि ट्वीटरला कान लावून बघा. दुकानदार इंजिन चालू ठेवून किंवा मोठ्यानं गाणं लावून दाखवतो म्हणाला तर त्याला सांगा, गाणं नंतर ऐकू, आधी हे ऐकू द्या.