मूडल: गाय फुकट, गोठा आपला

मूडल या ऑनलाइन शिकवायच्या सॉफ्टवेअरचं रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. अर्धा स्टार सेटिंगच्या जंगलासाठी कापलाय आणि अर्धा मराठीसाठी, दोन्हीबद्दल पुढे लिहितेच.

बार्शीत आमचा शिष्यवृत्तीचा क्लास आहे. आधी नुसता क्लास होता, घराच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकून, मग लॉकडाऊनमध्ये तो व्हॉट्सअॅपवर गेला आणि तिथून घरंगळत घरंगळत त्याची एक छोटी कंपनी झाली, प्रायव्हेट लिमिटेड वगैरे, सहा माणसं पगारावर. एडटेक कंपनी चालवते म्हणलं की सासरचे लोक अजून हसतात, हसू देत. पण चाळीस पोरांची पावणेचारशे झाली आणि निम्मी बार्शीबाहेरची आहेत, वैराग, करमाळा, परांडा, भूम, एक तर दुबईत आहे आणि तिची आजी भूमला बसून तिचे मार्क बघते.

मूडलच्या आधी दीड वर्ष आम्ही 'तुमच्या नावाचं अॅप आठवड्यात तयार' वाल्या एका कंपनीकडे होतो. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. अॅप दिसायला झकास, आमचा लोगो, आमचा रंग, पालक खूष. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचा आकडा जवळजवळ दुप्पट आला. म्हणलं राहू दे, आमचे प्रश्न आणि मुलांचे निकाल द्या, आम्ही जातो. तर ते बाहेर काढायची सोयच नाही म्हणाले! अठराशे प्रश्न होते हो. आमच्या डीटीपीवाल्या ताईंनी ते दोन महिने बसून एकेक कॉपी करून काढले, आणि तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की आपण कंपनी कंपनी म्हणतोय पण माल सगळा दुसऱ्याच्या गोदामात आणि किल्ली पण त्याच्याकडेच.

तेव्हा भाच्यानं मूडल सुचवलं. तो आयआयटी मुंबईत शिकलेला, तिथे असाइनमेंट मूडलवरच टाकायच्या, त्यामुळे त्याला ते घरचंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मूडल म्हणजे ऑनलाइन शाळा चालवायचं सॉफ्टवेअर, कोर्स, धडे, पेपर, मार्क, हजेरी सगळं. जीपीएल लायसन्स, म्हणजे डाउनलोड करा, आपल्या सर्व्हरवर टाका, हवं तसं बदला, पोरं चाळीस असोत की चाळीस हजार, लायसन्सचा एक रुपया नाही. डेटाबेस आपला, प्रश्न आपले, उद्या सोडून जायचं तरी फाइल उचलायची आणि निघायचं.

आता खरी गंमत, म्हणजे क्विझ. मूडलमधलं बाकी सगळं एका पारड्यात टाकलं तरी क्विझचं पारडं जड. शिष्यवृत्तीचा पेपर ७५ प्रश्नांचा, १५० मार्कांचा, दीड तासाचा, आणि आठवीला एक मेख असायची, वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही नोंदवावे लागायचे. पोरं नेमकी तिथेच मार खायची. आम्ही मूडलमध्ये साधा बहुपर्यायी प्रश्न घेतला, दोन बरोबर पर्यायांना पन्नास-पन्नास टक्के दिले, चुकीच्यांना शून्य, आणि पहिली चाचणी लावली. निकाल बघून मी हरखले, त्या प्रश्नांना अर्ध्या वर्गाला पूर्ण मार्क! मग एका पोरीनं निरागसपणे सांगितलं, मॅडम चारही टिक केले की पूर्ण मिळतात. अर्थात मिळणारच, चुकीच्याला वजा मार्क मीच लावले नव्हते. वजा लावले तर एकच बरोबर टिक करणाऱ्याला अर्धे मार्क मिळायला लागले, ते पण परीक्षेत चालत नाही. दोन रात्री डोकं खाल्ल्यावर भाच्यानं 'ऑल ऑर नथिंग' नावाचा प्रश्नप्रकार शोधला, वेगळा प्लगइन आहे, म्हणजे मूडलला वरून जोडायचा तुकडा, तोही फुकट, दोन्ही अचूक असतील तरच मार्क नाहीतर भोपळा. पाच मिनिटात बसला. मूडलचा सगळा स्वभाव यात आला बघा, तुमची अडचण जगात कुणाला तरी आधी आलेली असते आणि त्यानं त्यावर काहीतरी करून ठेवलेलं असतं, फक्त ते तुम्हाला सापडायला पाहिजे.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे पेपर झाल्यावरची आकडेवारी. प्रत्येक प्रश्न किती टक्के मुलांना आला हे तर कुठलंही अॅप सांगतं, पण मूडल हेही दाखवतं की एकूण पेपरात हुशार ठरलेल्या मुलांना तो प्रश्न आला की नाही. हा आकडा वजा आला की समजायचं काहीतरी घोळ आहे, हुशार पोरं चुकतायत आणि ढ पोरांचं बरोबर येतंय. गेल्या वर्षी बुद्धिमत्तेच्या एका प्रश्नाला असा वजा आकडा आला, घड्याळाच्या आरशातल्या प्रतिमेचा प्रश्न होता, बघितलं तर आमचीच उत्तरसूची चुकलेली, आमच्या सरांनी पर्याय दोनऐवजी तीन टाकलेला. उत्तर दुरुस्त केलं, रिग्रेड दाबलं, एकशेदहा पोरांचे मार्क आपोआप सुधारले. आधीच्या व्यवस्थेत कुणी पालक भांडायला आला तरच कळायचं, आणि आमच्याकडे भांडायला येणारे पालक हे नेहमी पहिल्या पाचातल्याच मुलांचे असतात, बाकीच्यांचे मार्क तसेच बुडायचे.

प्रश्न भरायचं काम मात्र घाम काढतं. आमचे जुने सगळे पेपर श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये पेजमेकरला केलेले, ते वेबवर टाकले की नुसती चिन्हं आणि ठिपके. आधी युनिकोडमध्ये आणायचे, मग जोडाक्षरं आणि रफार तपासायचे, 'र्‍या' तर हमखास तुटणार. एकदा युनिकोड झालं की पुढं सोपं आहे, गिफ्ट नावाचा फॉरमॅट आहे, साध्या नोटपॅडमध्ये प्रश्न लिहायचा, महिरपी कंसात पर्याय, बरोबर पर्यायाआधी = हे चिन्ह, चुकीच्या आधी ~ ही नागमोडी रेघ, आणि दोनशे प्रश्न एका दमात आत. आमच्या डीटीपीवाल्या ताई आता त्यात इतक्या तरबेज झाल्यात की किराणा मालाची यादी पण तशीच करतात असं त्यांचे मिस्टर म्हणतात.

आता गोठा. गाय फुकट मिळाली पण शेण काढणं, वैरण, गोचीड सगळं आपल्याकडे हे कुणी आधी सांगत नाही. आम्ही सुरुवातीला स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेतलं, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, आणि पहिल्या रविवारी सकाळी दहाला शंभर पोरांनी एकदम 'सुरू करा' दाबलं तशी साइट आडवी, आणि होस्टिंगवाल्यांनी वापर जास्त झाला म्हणून अकाउंटच बंद केलं. फोनवर फोन, पालकांच्या ग्रुपवर प्रश्नचिन्हांची माळ, मी किचनमध्ये जाऊन रडून आले. होस्टिंगवाल्याला शिव्या घालून उपयोग नव्हता, शंभर जण एकावेळी पेपर देणार म्हणजे प्रत्येक क्लिकला डेटाबेस जागा होणार, त्याला स्वतःचा सर्व्हर लागतो. आता चार जीबी रॅमचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा पण आपल्यापुरता वेगळा सर्व्हर आहे, महिन्याला दोन-अडीच हजार, आणि पोरांच्या तीन बॅच करून वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं पेपर सुरू करतो. व्हिडिओ सर्व्हरवर ठेवायचेच नाहीत, यूट्यूबवर अनलिस्टेड करून लिंक द्यायची. क्रॉन, म्हणजे सर्व्हरवरची ठरलेली कामं आपोआप करणारा प्रोग्राम, दर मिनिटाला चालला पाहिजे, आमचा तीन आठवडे बंद होता, एकाही पालकाला मेल गेला नाही आणि मी मात्र पालक लक्षच देत नाहीत म्हणून बैठकीत सगळ्यांना झापलं. आणि बॅकअप घेताना नुसता डेटाबेस नाही, मूडलडेटा नावाचं फोल्डर पण घ्यायचं, नाहीतर प्रश्न परत येतील पण त्यातल्या आकृत्या येणार नाहीत, आणि आकृत्यांशिवाय बुद्धिमत्तेचा पेपर म्हणजे काय राहिलं.

एवढं सगळं फुकट का देतात, हा प्रश्न आमच्या अहोंना पहिल्या दिवसापासून. ते सहकारी पतसंस्थेत होते, फुकट म्हणलं की त्यांना घोटाळाच दिसतो. म्हणून मी शोधून वाचलं आणि मला त्यात सॉफ्टवेअरपेक्षा जास्त सापडलं. मार्टिन डुगिआमस नावाचा ऑस्ट्रेलियातला माणूस, लहानपण वाळवंटात वॉरबर्टन नावाच्या पार आडबाजूच्या वस्तीवर गेलं, जवळ शाळा नाही, तर रेडिओवरून शिकला, तिकडे 'स्कूल ऑफ द एअर' म्हणतात. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात तो वेबसीटी नावाचं विकतचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, त्याला वैतागून स्वतःचं लिहायला घेतलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये मूडलची पहिली आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. वेबसीटी पुढे ब्लॅकबोर्ड नावाच्या तसल्याच कंपनीनं गिळलं, ब्लॅकबोर्ड २०२१ मध्ये अँथॉलॉजी नावाच्या कंपनीत गेलं आणि अँथॉलॉजीनं २०२५ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. मूडल चालूच आहे.

पैसा कुठून येतो तर पार्टनर कंपन्यांकडून. जगभरच्या कंपन्या मूडल बसवून देतात, होस्टिंग करतात, शिकवतात, आणि कमाईतला वाटा पर्थला पाठवतात. कोड कुणीही घ्या, पण मूडल हे नाव ट्रेडमार्क आहे, ते लावून धंद्याची जाहिरात करायची तर परवानगी लागते. दूध फुकट आणि डेअरीच्या पाटीचे पैसे, असं मी अहोंना समजावलं तेव्हा कुठे पटलं. बाहेरची मोठी गुंतवणूक थेट २०१७ मध्ये घेतली, साठ लाख डॉलर, डेकॅथलॉनवाल्या लेक्लेर्क घराण्याच्या कंपनीकडून, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी! आपल्याकडे बघा, बायजूजचं मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर, टीम इंडियाच्या जर्सीवर नाव, आणि जुलै २०२४ मध्ये त्याच क्रिकेट बोर्डाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू. मला कुणी बावीस अब्ज द्यायला रांगेत उभं नाहीये हे मान्य, पण सोलापूरच्या एका गुंतवणूकदारांनी वर्षात दहा जिल्हे करा म्हणून पैसे द्यायची तयारी दाखवली होती तेव्हा मी हा पंधरा वर्षांचा हिशोब मनात धरून नको म्हणलं. बरोबर केलं का चूक, पुढच्या वर्षी सांगते. एक मात्र सरळ मूडलवाल्यांकडून उचललं, आमचे मागच्या वर्षीचे सराव पेपर आता कुठल्याही झेडपी शाळेच्या गुरुजींना मागतील तसे फुकट देतो, फी घेतो ती शिकवायची आणि चुका समजावून सांगायची. त्या फुकट पेपरांमुळे जेवढी पोरं आली तेवढी फेसबुकच्या जाहिरातीनं कधीच आली नाहीत.

कापलेल्या स्टारचं आता. सेटिंग इतकी आहेत की क्विझचं एक पान उघडलं की स्क्रोल संपत नाही. २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून दिसायला पुष्कळ सुधारलंय पण नवीन शिक्षकाला बसवून शिकवायला मला अजून पूर्ण आठवडा लागतो, आमच्या एका सरांनी तर चुकून पेपर संपायची तारीख पेपर सुरू व्हायच्या आधीची टाकायचा प्रयत्न चार वेळा केला. मराठी भाषा-पॅक आहे पण अर्धवट, वरचं बटण मराठीत आणि खालची सूचना इंग्रजीत. उपाय आहे, ऍडमिनमध्ये जाऊन एकेक वाक्य आपल्याला हवं तसं बदलता येतं, मी बसून दीडेकशे बदलली, 'पेपर सोडवायला घ्या', 'जमा करा', 'अजून वेळ आहे, परत एकदा बघ'. आकडा लिहायच्या प्रश्नात पोरानं देवनागरी आकडे टाकले तर घेत नाही, इंग्रजीच टाकायला लागतात, पाचवीच्या मराठी माध्यमाच्या पोराला हे सांगत बसावं लागतं. मोबाइल अॅप चांगलं आहे, ऑफलाइन पण चालतं, पण फुकटच्या प्लॅनमध्ये नोटिफिकेशन मोजक्याच फोनना जातात, म्हणून निरोप अजून व्हॉट्सअॅपवरच. फीचं पण तसंच, यूपीआयचा स्क्रीनशॉट येतो आणि आम्ही हातानं नाव घालतो, प्लगइन आहेत म्हणे, अजून धीर झाला नाही.

वीस-पंचवीस पोरं असतील तर याच्या नादी लागू नका, व्हॉट्सअॅप आणि गुगल फॉर्म पुरे. शंभरच्या पुढं गेलात, प्रश्न स्वतःचे असतील आणि घरात किंवा ओळखीत सर्व्हर सांभाळणारा एक तरी भाचा असेल तर डोळे झाकून घ्या. भाचा नसेल तर आधी भाचा शोधा. आणि नवीन आवृत्ती आली की लगेच अपग्रेडचं बटण दाबायचं नाही, निदान परीक्षेच्या महिन्यात तरी नाही. आमचा भाचा जानेवारी लागला की ऍडमिनचा पासवर्डच बदलून टाकतो, मला पण देत नाही.