एकट्याची पहाट की चौघांचा गाळा?

शेजारचा मुलगा गेल्या आठवड्यात विचारायला आला. डिझाइनचं काम शिकलाय, हात चांगला आहे. "काका, घरी बसूनच कामं घेऊ, का मित्रांनी टिळकवाडीत गाळा घेतलाय तिथं जाऊ?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच मुलांपुढं आज हाच प्रश्न आहे, म्हणून त्याला जे सांगितलं ते सविस्तर लिहितोय.

एकट्याच्या कामाचं खरं बळ म्हणजे सलगपणा. माझं काम अक्षरलेखनाचं, म्हणजे दुकानांच्या बोर्डांवरची अक्षरं रेखण्याचं. ते मी पहाटे पाच ते आठ करतो. फोन दुसऱ्या खोलीत असतो. आदल्या संध्याकाळी एखादा सोपा भाग मुद्दाम अर्धवट ठेवतो, म्हणजे सकाळी हात लगेच चालू होतो. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने 1980च्या दशकाअखेरीस काढलेली 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती ही पद्धतही मी करून पाहिली. कोटेशन आणि प्रूफ तपासायला ती उत्तम. अक्षर मात्र चाळिसाव्या मिनिटाला जमायला लागतं, तिथं मध्येच वाजलेली घंटा घात करते.

घरच्या कामाचा तोटा म्हणजे घरात दिसणारा माणूस सगळ्यांना रिकामाच वाटतो. सिलिंडर, रेशन, पाहुण्यांना स्टँडवर सोडणं, सगळं त्याच्याच वाट्याला. दुसरा तोटा जास्त महागाचा: चूक दाखवायला कुणी नसतं. कर्नाटकात दुकानाच्या बोर्डावर किमान 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा लागतो. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन प्रकार असतात. मराठीत ते नाहीत, त्यामुळे ही चूक आपल्या डोळ्याला दिसतच नाही. एक आख्खा बोर्ड मला स्वतःच्या खर्चाने पुन्हा करून द्यावा लागला. कन्नड शाळेत शिकलेला एक मित्र शेजारी बसला असता तर दोन मिनिटांत वाचलो असतो. आपल्या भागात जोडीदार हवा म्हणतो त्याचं पहिलं कारण माझ्या दृष्टीने हेच.

आता बैठकीचं. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. आमच्या गल्लीच्या देखाव्याची संहिता एका वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून बसून लिहायला घेतली. रात्री एकपर्यंत चर्चा झाली आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा प्रसंग ठरला. पुढच्या वर्षी प्रत्येकाने घरून एकेक पान लिहून आणलं. मुळात अबोल असलेल्या पोराचं पान सगळ्यांत सरस निघालं. यामागचं कारण मला नंतर वाचनात सापडलं. येल विद्यापीठात 1958 साली चौघांच्या गटाची तुलना वेगवेगळं बसून विचार करणाऱ्या चौघांशी केली, तेव्हा वेगळे बसलेल्यांच्या कल्पना बऱ्याच जास्त भरल्या. 1987 सालच्या एका अभ्यासाने त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता आपलं सुचलेलं विसरतात. जर्मनीत यावर एक तोडगा निघाला. सहा जणांनी पाच मिनिटांत कागदावर प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या, मग कागद पुढच्याला द्यायचा, असं सहा वेळा. अर्ध्या तासात 108 कल्पना, आणि सगळ्यांनी गप्प बसून लिहिलेल्या.

पण तालमीत चित्र उलटं झालं. मी जिवापाड लिहिलेला संवाद ट्रॉलीवर म्हणून पाहिला, तेव्हा जनरेटर सांभाळणारा पोरगा म्हणाला, "हे ऐकूच येणार नाही, कृतीतून दाखवा." त्याचं बरोबर होतं. वायरी किती खाली लोंबतात, ट्रॅक्टर वळताना ट्रॉलीवरच्या माणसाचा तोल कसा जातो, हे माझ्या टेबलावर मला कधीच कळलं नसतं. सुचण्यापुरता माणूस एकटाच बरा. पारखायला मात्र चार डोकी लागतात, आणि ती वेगवेगळ्या कामातली हवीत.

गाळ्याचा एक धोका सांगायलाच हवा. रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोरी ओढायला लावून मोजलं होतं (त्याचा लेख 1913चा): माणसं वाढतील तसा एकेकाचा जोर कमी पडतो. गाळ्यात हेच "फाइल कुणीतरी पाठवली असेल" या वाक्यात दिसतं. म्हणून प्रत्येक कामापुढं एकाच माणसाचं नाव लिहून भिंतीवर लावा.

पैशाचा हिशेब थोडक्यात: घरी भाडं नाही, पण गणपतीच्या हंगामातलं मोठं काम एकट्याला झेपत नाही.

त्या मुलाला मी सांगितलं, गाळ्यात जा, पण सकाळी अकराच्या आत नको. त्याआधीचे तास घरचे, तुझे एकट्याचे. आणि जायच्या आधी भाडं, वाटणी, उधारी कोण वसूल करणार, हे कागदावर लिहून घे. मैत्री आहे म्हणूनच लिहून घे.

माझं अक्षरलेखन अजूनही पहाटेच होतं. बोर्ड मात्र छापायला देण्याआधी संध्याकाळी मित्राच्या दुकानात नेतो. तो कन्नड मजकूर मोठ्याने वाचतो, मी बोट ठेवून एकेक अक्षर पाहत जातो.